पहाटे तीनचा डॉक्टर

कॅज्युअल्टीत एक शब्द उच्चारायचा नसतो. रात्रपाळीला नवीनच लागलेला इंटर्न रिकाम्या ट्रॉल्यांवर नजर टाकून सहज बोलून जातो, "आज शांत वाटतंय." सिस्टर त्याच्याकडे अशा बघतात, की बिचाऱ्याला वाटावं, कुणी शुभकार्याला निघताना आपण शिंकलो. आणि त्यानंतर पंधरा मिनिटांत दारात रुग्णवाहिका लागली, तर पुढचे सहा महिने त्या पोराला ते ऐकवलं जातं.

ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या रुग्णालयांतही 'क्वाएट' हा शब्द असाच वर्ज्य आहे. ब्रिटनमधल्या एका रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या डॉक्टरांनी तर त्याची रीतसर चाचणीच घेतली. काही दिवस सकाळी मुद्दाम म्हणायचं, 'आज शांत दिवस जाणार'. उरलेल्या दिवशी तो शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि कोणत्या दिवशी काय, हे आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून घ्यायचं. २०१९ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल छापून आला. शब्द उच्चारल्यानं कामाच्या रगाड्यात काही फरक पडला नव्हता.

भीती खोटी ठरली, तरी ती फार बोलकी आहे. शरीरशास्त्र कोळून प्यायलेली माणसं एका शब्दाला का घाबरतात? कारण पुढच्या मिनिटाला दारातून काय आत येईल, यावर त्यांचा काडीचाही ताबा नसतो. ओपीडीला रांग असते, ऑपरेशनला तारीख असते. कॅज्युअल्टीला फक्त दार असतं आणि ते कधी लागत नाही. त्या दाराशी वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मेंदूत आणि मनात काय घडतं, याचा गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. तो वाचताना पानापानावर थबकायला होतं.

दर सहा मिनिटांनी

रात्रीचे अडीच. दुचाकीवरून घसरलेल्या तरुणाच्या कपाळाला टाके पडताहेत. तिसरा टाका घेताना सिस्टर ईसीजीची पट्टी डोळ्यांसमोर धरतात. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांची आहे. डॉक्टरचे दोन्ही हात अडकलेले, ग्लोव्ह्ज रक्तानं माखलेले. नजर तेवढी पट्टीवरून फिरते. "अर्ध्या तासानं परत काढा, ट्रोपोनिन पाठवा." चौथा टाका. फोन येतो: शेतात साप चावलेल्या बाई तालुक्याहून निघाल्यात, सर्पविषावरचं इंजेक्शन आहे ना? आहे. पाचवा टाका. हवालदार एमएलसीच्या, म्हणजे पोलिसी प्रकरणांच्या, वहीवर सही मागतो. सहावा टाका घालायचा की पाचच झाले आहेत, हे आता बोटानं मोजावं लागतं.

अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या मागोमाग घड्याळ घेऊन हिंडलेल्या संशोधकांनी २००० साली हा प्रकार आकड्यांत मांडला. तीन तासांत सरासरी ३१ व्यत्यय, म्हणजे दर सहा मिनिटांनी एक. प्रत्येक व्यत्ययाला मेंदू हातातला विचार अर्धवट खुंटीला टांगतो, दुसरा उचलतो, मग परत येऊन पहिला शोधतो. स्वयंपाकघरात दूध, फोडणी आणि दारावरची बेल एकाच वेळी सांभाळणाऱ्याला हा खटाटोप ओळखीचा आहे. तिथे फार तर दूध उतू जातं.

त्यात कारकुनी. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच एका रुग्णालयात असं दिसलं, की इमर्जन्सी डॉक्टरचा ४४ टक्के वेळ संगणकात माहिती भरण्यात जातो आणि रुग्णाशी प्रत्यक्ष संपर्क २८ टक्के. गर्दीच्या दहा तासांच्या पाळीत माउसच्या क्लिक भरतात जवळपास ४,०००. आपल्याकडे माउसच्या जागी केसपेपर, रजिस्टर आणि फॉर्म आहेत. नग बदलतो, ओझं तेच.

पण मोजपट्टीत न मावणारा एक व्यत्यय सगळ्यांत जड असतो. पडद्याच्या एका बाजूला डॉक्टर एका आईला सांगतो, की तिचा मुलगा गेला. ती कोसळते. तो थोडा वेळ तिच्याशेजारी उकिडवा बसतो. मग उठतो, हात धुतो आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला जातो. तिथे चार वर्षांच्या मुलीनं नाकात हरभरा घातलाय आणि तिचे वडील भेदरून घामाघूम झालेत. त्या मुलीसमोर हसरा चेहरा आणावाच लागतो, नाहीतर ती नाकाला हात लावू देणार नाही. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जायला मध्ये मिळतो तो हात धुण्यापुरता वेळ.

तांदळाच्या दाण्याएवढं घड्याळ

हे सगळं चाललेलं असताना त्याच डॉक्टरच्या डोक्यात एक दुसरंच यंत्र त्याच्याविरुद्ध काम करत असतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर पेशींचा एक पुंजका आहे. तांदळाच्या दाण्याहून मोठा नाही. त्यात सुमारे २०,००० पेशी आहेत आणि तेच शरीराचं मुख्य घड्याळ.

त्याची टिकटिक कशी चालते, हे आपल्याला कळलं ते चिलटांमुळे. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात, तीच. त्यांच्या पेशींत एक जनुक एक प्रथिन बनवतं. प्रथिन रात्रभर साचत जातं. पुरेसं साचलं, की ते स्वतःच्याच निर्मितीचं दार लावून घेतं. मग दिवसभर ते झिजतं आणि झिजलं की दार पुन्हा उघडतं. या एका फेऱ्याला लागतात जवळपास चोवीस तास. हे कोडं उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाच्या पेशींतही याच तत्त्वावर घड्याळ चालतं. ड्यूटीचं रोस्टर एका सहीनं बदलतं. हे घड्याळ कुणाच्याच सहीला जुमानत नाही. पहाटेच्या सुमारास ते शरीराचं तापमान दिवसातल्या नीचांकावर नेतं, सावधपणा ओसरतो आणि डॉक्टर उभा असला तरी त्याचं शरीर आडवं झालेलं असतं.

याच्या जोडीला दुसरं यंत्र आहे, झोपेच्या उधारीचं. मेंदू दिवसभर ऊर्जा जाळतो, त्याची राख म्हणून अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते पेशींवरच्या ठरलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसलं, की डोळे जड होतात. चहा-कॉफीतलं कॅफिन काय करतं? अ‍ॅडिनोसिनच्या आधी त्या खुर्च्या अडवून बसतं. उधारी तशीच वाढत राहते, फक्त सावकार दाराबाहेर थांबतो. कॅफिन उठून गेलं, की तो आत येतो. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून पहाटे चारला घेतलेला कडक चहा सकाळी नऊला अंथरुणातही सोबत असतो.

ही उधारी किती महाग पडते, हे ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं. त्यांनी त्याच माणसांना एकदा जागवलं आणि एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या मेळाची परीक्षा घेतली. सलग १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी जिथे घसरते, तिथे ती रक्तात ०.०५ टक्के मद्य असतानाही घसरते. २४ तासांच्या जागरणानंतर ती ०.१० टक्क्यांच्या घरात जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे सलग चोवीस तास जागलेला डॉक्टर मोजमापानं पाहिलं तर गाडी चालवायलाही लायक नसतो. आपण मात्र त्याच्या हातात सुई देतो, आणि सकाळी तोच मोटारसायकलला किक मारून घरी निघतो.

कोळपणं

वर्षानुवर्षं असं राबून माणूस आतून रिकामा होतो, त्या अवस्थेला 'बर्नआउट' हे नाव पडलं १९७४ मध्ये. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसभर स्वतःचा व्यवसाय करायचे आणि संध्याकाळी गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात बसायचे. तिथे येणाऱ्या व्यसनी तरुणांच्या बोलीत हा शब्द होता. फ्रॉयडेनबर्गरना तो तिथल्या स्वयंसेवकांना लागू पडताना दिसला आणि लवकरच स्वतःलाही. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली बनवली. तिच्यात तीन धागे आहेत: भावनेनं पार रिकामं होणं, समोरच्या माणसाचं माणूसपण दिसेनासं होणं, आणि 'आपण जे करतोय त्यात काही अर्थ नाही' असं वाटू लागणं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेताना एक काळजी घेतली. त्याला आजार म्हटलं नाही, 'कामाच्या जागी घडणारी गोष्ट' म्हटलं. दोषाचं बोट माणसाकडून कामाच्या जागेकडे वळवणारी ही नोंद महत्त्वाची आहे.

मराठीत याला शब्द शोधायला फार लांब जावं लागत नाही. पावसानं ओढ दिली, की शेतकरी म्हणतो, पीक कोळपलं. वाळलं नाही, मेलं नाही. पानं मिटली, माना टाकल्या. वेळेवर पाणी मिळालं तर ते तग धरतं. कॅज्युअल्टीतला बर्नआउट असाच असतो. वैताग एका रजेत जातो, कोळपलेलं मन रजेवरून परततानाच पुन्हा मान टाकतं. अमेरिकेत टेट शानाफेल्ट आणि सहकाऱ्यांनी ७,२८८ डॉक्टरांची पाहणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. ४५.८ टक्के डॉक्टरांमध्ये बर्नआउटचं किमान एक लक्षण होतं आणि सगळ्या शाखांत वरच्या टोकाला इमर्जन्सी मेडिसिन होतं.

यातली गंमत, किंवा दैवदुर्विलास म्हणा, असा, की ही शाखाच मुळात थकव्यातून जन्मली. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अलेक्झांड्रिया इथे जेम्स मिल्स यांनी आणखी तीन डॉक्टरांना सोबत घेतलं. वेळी-अवेळी दार ठोठावणाऱ्या खासगी प्रॅक्टिसला रामराम ठोकून चौघांनी रुग्णालयाचा इमर्जन्सी विभाग पूर्णवेळ आणि ठरलेल्या पाळ्यांमध्ये सांभाळायला घेतला. ठरलेले तास आणि उरलेला वेळ घरच्यांचा, हे त्यामागचं एक मोठं आकर्षण होतं. भारतात या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये.

एक दशांश सेकंद

"डॉक्टर लोक निबर होतात," असं आपण म्हणतो. कॅज्युअल्टीत माणसाचा 'आरटीए' (रस्ता अपघात) होतो, 'पॉयझनिंग' होतं, 'तीन नंबरची ट्रॉली' होते. नातेवाइकाच्या कानाला ते झोंबतं. पण हा निबरपणा कुठून येतो, याचा माग काढला तर एक विलक्षण दृश्य दिसतं.

जाँ देसेती, चिया-यान यांग आणि यावेई चेंग यांनी २०१० मध्ये डॉक्टर आणि इतर माणसं यांच्या डोक्यावर विद्युतसंवेदक लावून त्यांना चित्रं दाखवली. काहींत शरीराला सुई टोचत होती, काहींत कापसाचा बोळा टेकत होता. सर्वसामान्य माणसाचा मेंदू सुमारे ११० मिलिसेकंदांत, म्हणजे एक दशांश सेकंदात, सुई आणि बोळा यांच्यात फरक करून दचकतो. डॉक्टरांच्या मेंदूत तो फरक दिसलाच नाही. विचार करायला वेळ मिळण्यापूर्वीच त्यांच्या मेंदूनं दुसऱ्याच्या वेदनेचा आवाज बारीक करून ठेवला होता.

हे वाईट आहे का? सुई पाहून दचकणारा हात टाका नीट घालू शकत नाही. जखमेवर खपली धरते तशी ही मनावर धरलेली खपली आहे, आणि तिच्या आडोशानंच काम होतं. प्रश्न उभा राहतो तो खपलीखाली जखम चिघळत राहते तेव्हा.

मग मन उघडं ठेवायचं आणि सगळ्यांचं दुःख आत घ्यायचं? इथे दुसरा शोध येतो. टानिया सिंगर यांनी २००४ मध्ये १६ जोडप्यांवर प्रयोग केला. बायको स्कॅनरमध्ये, नवरा शेजारी. त्याच्या हाताला विजेचा हलका झटका बसणार असल्याची खूण तिला दिसली, की तिच्या मेंदूतले वेदनेशी निगडित काही भाग उजळायचे, जणू झटका तिलाच बसला. मराठीत आपण म्हणतो 'जीव कळवळला', ते शब्दशः खरं निघालं.

पुढे सिंगर यांनी मॅथ्यू रिकार यांना स्कॅनरमध्ये झोपवलं. रिकार आधी जीवशास्त्रज्ञ होते, मग बौद्ध भिक्षू झाले. त्यांना सांगितलं, की दुसऱ्याचं दुःख फक्त अनुभवा, त्यापुढे जाऊ नका. रिकार यांनी अनाथालयातल्या हालअपेष्टा भोगणाऱ्या मुलांची दृश्यं मनासमोर आणली. थोड्या वेळात ते इतके गळून गेले, की ते असह्य झालं. मग त्यांना करुणेकडे वळायची मुभा मिळाली. त्या मुलांबद्दल माया, त्यांचं बरं व्हावं ही इच्छा, जवळ घेण्याची ओढ. दुःख तेच होतं, मुलं तीच होती. थकवा मात्र सरला, आणि मेंदूत उजळलेलं जाळंही वेगळं होतं. मग ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी हेच साध्या माणसांवर करून पाहिलं. आधी सहवेदनेचा सराव दिला, लोक खचले. नंतर करुणेचा सराव दिला, ते सावरले.

सहवेदना आणि करुणा हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरत आलो. पहिलीत दुसऱ्याचं दुःख आपल्यात झिरपतं. दुसरीत आपण त्या दुःखाकडे काहीतरी घेऊन जातो. मेंदूत या दोघींची घरं वेगळी आहेत. पहिली कोळपवते, दुसरी पाणी घालते. मात्र एक अट आहे: करुणेला हात मोकळे लागतात. काहीतरी करता यावं लागतं.

आणि नेमकं तेच अडतं. व्हेंटिलेटर रिकामा नाही, औषध बाहेरून आणायची नातेवाइकांची ऐपत नाही, एकाच ट्रॉलीवर दोघांना ठेवावं लागतं. काय करायला हवं ते ठाऊक असतं आणि करता येत नाही, तेव्हा मनाला होते ती 'नैतिक जखम'. हा शब्द व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर काम करणाऱ्या जोनाथन शे यांचा. २०१८ मध्ये वेंडी डीन आणि सायमन टॅलबट यांनी तोच शब्द डॉक्टरांना लावला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की डॉक्टर कमकुवत म्हणून मोडत नाहीत, त्यांना रोज स्वतःच्या शपथेविरुद्ध वागायला लावलं जातं म्हणून मोडतात.

पाणी कसं घालायचं

रुग्णालयांना या सगळ्यावर सुचणारा पहिला उपाय आपल्या परिचयाचा आहे. 'ताणमुक्त जीवन' या विषयावर व्याख्यान. वक्त्याला शाल-श्रीफळ, श्रोत्यांना सामोसा, आणि श्रोत्यांतले निम्मे नाइट करून आलेले. प्राणायाम चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण २०१७ मध्ये अशा उपायांचे निरनिराळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं, की डॉक्टरला बदलू पाहणाऱ्या उपायांपेक्षा कामाची मांडणी बदलणारे उपाय जास्त गुण देतात. कोळपलेल्या पिकाला शेतकरी 'खंबीर राहा' असं सांगत नाही.

मांडणी बदलायची म्हणजे काय? काही गोष्टी थक्क करण्याइतक्या साध्या आहेत.

पहिली, रोस्टरची दिशा. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे त्याला पुढे ढकलणं सोपं जातं, मागे ओढणं अवघड. मुंबईहून लंडनला गेल्यावर जेवढा त्रास होतो त्याहून जास्त परत आल्यावर का होतो, त्याचंही कारण हेच. म्हणून पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमानं फिरवल्या तर शरीर निभावून नेतं; उलट्या फिरवल्या तर रोज लंडनहून परतल्यासारखं होतं. काही ठिकाणी रात्रीचे दोन तुकडे करतात, एक पहाटे चारपर्यंत, दुसरा चारपासून. जुगारघरांच्या वेळांवरून याला 'कॅसिनो शिफ्ट' म्हणतात. दोघांनाही रात्रीच्या अंधारातली थोडी तरी झोप मिळते.

दुसरी, चाळीस मिनिटं. अमेरिकेत रिबेका स्मिथ-कॉगिन्स आणि सहकाऱ्यांनी बारा तासांची रात्रपाळी करणाऱ्या ४९ डॉक्टर आणि परिचारिकांवर एक अभ्यास करून २००६ मध्ये छापला. निम्म्यांना पहाटे तीन वाजता चाळीस मिनिटं झोपायला पाठवलं, निम्म्यांना नाही. सकाळी पाळी संपताना झोपलेल्यांचं लक्ष कमी वेळा ढळत होतं, थकवा कमी होता, उत्साह जास्त. एक तोटाही दिसला: उठल्या उठल्या काही काळ स्मरणशक्ती मंद असते, म्हणून जागं होताच लगेच मोठा निर्णय नको. बारा तासांतली चाळीस मिनिटं, एक खाट आणि त्या वेळेपुरता दार सांभाळणारा दुसरा माणूस. एवढाच खर्च.

तिसरी, एक मिनिट. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाचे परिचारक इमर्जन्सीत काम करायचे. एकदा एका रुग्णाचा मृत्यू झाल्यावर तिथल्या धर्मोपदेशक बाईंनी सगळ्यांना क्षणभर थांबवून प्रार्थना केली. बार्टेल्स यांना जाणवलं, की प्रत्येक मृत्यूनंतर आपण ग्लोव्ह्ज काढून तडक पुढच्या ट्रॉलीकडे जातो. त्या थांबण्यानं काहीतरी बदललं. २००९ च्या सुमारास त्यांनी ही रीत धर्माची चौकट न ठेवता सुरू केली. प्रयत्न थांबवले, वेळ नोंदवली, की कुणीतरी एक जण म्हणतो: हा माणूस जिवंत होता, त्याच्यावर कुणाचं तरी प्रेम होतं, आपण सगळ्यांनी त्याच्यासाठी झटून पाहिलं, त्याच्यासाठी जरा थांबू या. मग मिनिटभर सगळे आपापल्या जागी उभे. डॉक्टर, सिस्टर, ट्रॉली ढकलणारे मामा, फरशी पुसायला आलेल्या मावशी. नंतर कामाला लागायचं. ही 'पॉझ'ची रीत आता कितीतरी देशांत पोचली आहे. ट्रॉलीचा पुन्हा माणूस करायला मिनिट पुरतं, आणि पाहणाऱ्याच्या मनातही पडद्याच्या पलीकडे जाण्यापूर्वी एक उंबरठा तयार होतो.

चौथी, बोलायची जागा. बोस्टनचे वकील केन श्वार्ट्झ १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. आजारपणात डॉक्टर-परिचारिकांच्या छोट्या छोट्या मायेनं आपल्याला तारलं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यांच्या नावाच्या संस्थेनं १९९७ पासून अशा बैठका सुरू केल्या, जिथे निदान, औषध, चूक-बरोबर यांची चर्चा करायची नसते. त्या रुग्णानं तुमच्या मनाचं काय केलं, एवढंच बोलायचं. मोठे डॉक्टर आधी बोलले, की धाकट्यांचीही जीभ मोकळी होते.

ही जीभ मोकळी होणं किती मोलाचं आहे, हे डॉ. लॉर्ना ब्रीन यांच्या कहाणीतून कळतं. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागाच्या त्या प्रमुख. करोनाच्या पहिल्या लाटेत अहोरात्र राबल्या, स्वतः आजारी पडल्या, पुन्हा कामावर गेल्या आणि एप्रिल २०२० मध्ये आत्महत्येनं त्यांचा अंत झाला. मदत घेतल्याचं कळलं तर परवाना जाईल, ही भीती त्यांना होती, असं कुटुंबीयांनी सांगितलं. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांच्या नावाचा कायदा अमेरिकेत झाला. आरोग्यसेवकांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी निधी देणारा. आपल्याकडे 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही उपलब्ध आहे. डॉक्टरनं तो नंबर फिरवला तर त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या दाराशी

अमेरिकेत १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दगावली. तिच्या पत्रकार वडिलांनी थकलेल्या निवासी डॉक्टरांच्या तासांचा प्रश्न धसास लावला. न्यूयॉर्कनं १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती देशभर आली. आपल्याकडे निवासी डॉक्टरांसाठी १९९२ चा केंद्राचा आदेश आहे: दिवसाला साधारण १२ तास, आठवड्याला ४८. कागदावर तो अमेरिकेच्याही पुढे होता. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं शिफारस केली ती आठवड्याला कमाल ७४ तासांची, एका सुट्टीची आणि रोज सात-आठ तास झोपेची. ४८ तासांचा आदेश असताना बत्तीस वर्षांनी ७४ तासांची मर्यादा मागावी लागते, यातच प्रत्यक्षातल्या रोस्टरचं चित्र आलं.

ताणाला आपल्याकडची आणखी एक धार आहे, मारहाणीची. महाराष्ट्रानं २०१० मध्येच आरोग्यसेवकांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तरी कॅज्युअल्टीत दहा नातेवाईक ट्रॉलीभोवती घोळका करतात, तेव्हा डॉक्टरचा एक डोळा रुग्णावर आणि एक दारावर असतो. १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला तर आधाराला भिंतही नसते. २०१४ मध्ये ही सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तेव्हापासून घाटात, हायवेवर, वस्तीच्या अंधारात तो आणि चालक दोघेच असतात. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात ३६ तासांच्या ड्यूटीवर असलेली डॉक्टर तरुणी सेमिनार हॉलमध्ये पडली होती, कारण पडायला दुसरी जागा नव्हती. तिच्यावर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय कृती दल नेमलं.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. पहिली, पुन्हा कधी कॅज्युअल्टीत जायची वेळ आली, तर ट्रॉलीजवळ एकच जण थांबा आणि डॉक्टर टाका घालत असेल, तर तो टाका पुरा होऊ द्या. दुसरी, आपल्या तालुक्याच्या किंवा पालिकेच्या रुग्णालयात नगरसेवक, आमदार पाहणीला येतात, नवी मशीन बघतात, फीत कापतात. त्या वेळी त्यांना एक साधा प्रश्न विचारा. रात्रपाळीच्या डॉक्टरला आणि सिस्टरला पाठ टेकायला आतून कडी लागणारी खोली आहे का, आणि त्यात खाट आहे का?